हेडफोनच्या नॉबवरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना डीजे कंट्रोलर आहे. ‘जुना’ म्हटले की ऐकणारे लगेच हळहळतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मला तुमची हळहळ नको. मी रागावलो आहे. पाच वर्षे मी निमूटपणे सोसले. मला डबडे म्हटले, खटारा म्हटले, पाठीवर चापट्या मारल्या आणि शेवटी पोत्यात घालून काउंटरखाली कोंबले. तेही अशा दोषासाठी, जो माझ्यात कधी नव्हताच. आज बोलायची पाळी माझी आहे.

ज्यांनी मला कधी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन ताटे शेजारी-शेजारी मांडावीत एवढा माझा आकार. डावीकडे एक गोल चकती, उजवीकडे एक, मध्ये वर-खाली सरकणारे फेडर आणि फिरणारे नॉब. माझ्या पोटात एकही गाणे नसते. गाणी लॅपटॉपमध्ये असतात. एक गाणे लोक ऐकत असतात तेव्हा डीजे दुसरे गाणे हेडफोनमध्ये एकटाच ऐकतो, त्याचा ठेका पहिल्याशी जुळवतो आणि मग ते हळूच लोकांत सोडतो. काम एवढेच आहे, पण ते कानाचे काम आहे. माझ्या पुढच्या अंगाला, डाव्या कोपऱ्यात, हेडफोनचा आवाज कमी-जास्त करणारा एक छोटा नॉब आहे. घड्याळाच्या तासकाट्यासारखा तो फिरतो. त्याच्यावर लक्ष ठेवा, कारण माझ्या बाजूने साक्ष देणारा तो एकटाच आहे.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. एका बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले, एवढेच आठवते. पुढे नागपूरच्या एका दुकानात मी चार महिने फळीवर होतो. तिथून मला कुलदीपने उचलले.

कुलदीप तेव्हा बावीस वर्षांचा होता. घर कारध्याला, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडाऱ्यात वडिलांचे भांड्यांचे दुकान. वडील भैय्यालाल पितळ आणि काशाचे जाणकार. गिऱ्हाइकाने पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, निवडला की भैय्यालाल तो तीन बोटांच्या टोकांवर तोलत आणि दुसऱ्या हाताने त्याला टिचकी मारत. नाद लांब गेला तर गडवा नीट. मध्येच बसला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. हे काम कुलदीप सात वर्षांचा असल्यापासून वडिलांहून चांगले करी. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून अभ्यास करत बसलेला असला तरी तिथूनच म्हणे, “बाबूजी, तो नोका देऊ. त्याच्यात चीर आहे.”

मग भैय्यालाल कौतुकाने गिऱ्हाइकाला सांगत, “डोळा चुकन, पण ह्या पोराचा कान नाही चुकत.”

असा कान माझ्या वाट्याला आला. मला तरी आणखी काय हवे होते?

पहिले वर्ष फार चांगले गेले. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झाले की कुलदीप माळ्यावर यायचा आणि मला उघडायचा. त्याच्याजवळ मी होतो, एक साधा लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन आणि दोन लहान स्पीकर. नवशिक्याला याहून एकही वस्तू जास्त लागत नाही. चार चकत्यांचे यंत्र, धुराचे मशीन, रंगीत झगमगाट यांच्यावाचून डीजे अडत नाही, ज्याला ते विकायचे आहेत तो दुकानदार अडतो. कुलदीपच्या लॅपटॉपमध्ये तेव्हा फक्त चाळीस गाणी होती, पण त्या चाळिसांची त्याला खडानखडा माहिती होती. कुठे गायक श्वास घेतो, कुठे ढोलकी पडते, चार ठोक्यांच्या कितव्या फेरीला कडवे संपते. बोटांनी मांडीवर तो मोजायचा, एक-दोन-तीन-चार, असे चार वेळा, आणि मगच दुसरे गाणे सोडायचा. डाव्या कानावर हेडफोनची एक वाटी, उजवा कान खोलीतल्या आवाजासाठी मोकळा. ही त्याची सवय तेव्हाच पडली.

माझ्यावर ‘सिंक’ नावाचे एक बटण आहे. ते दाबले की लॅपटॉप स्वतःच दोन गाण्यांचा वेग जुळवून देतो. कुलदीपने पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर चिकटपट्टी लावली. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. दोन गाण्यांचे बेस एकदम वाजवायचे नाहीत, हेही तो आपले आपणच शिकला. दुसऱ्याचा बेस वर आणायचा तर पहिल्याचा आधी खाली घ्यायचा, एका चुलीवर दोन गंज, दोन पातेली, बसत नाहीत. माझ्या मधोमध दिव्यांची एक ओळ आहे, खाली हिरवे, वर पिवळे आणि टोकाला लाल. आमचे वर्ष हिरव्यात गेले, कधीमधी पिवळ्यात. आणि हेडफोनचा तो छोटा नॉब दहावर असायचा. बरोबर दहावर, मी खोटे सांगत नाही.

पहिला कार्यक्रम कारध्यालाच, शेजारच्या घरी, साखरपुड्याचा. लोक जेवत होते तोवर कुलदीपने संथ गाणी लावली, इतकी हळू की पंगतीतले बोलणे बुडू नये. पंगत उठल्यावर बायकांची गाणी, मग पोरांची, आणि दर पाऊण तासाने पाच मिनिटे शांतता. त्याची आई चंद्रकांता आणि तिच्या मैत्रिणी, ज्या लग्नात कोपरा सोडत नाहीत, त्या मांडवाच्या मध्ये येऊन नाचल्या. निघताना एक म्हातारे मामाजी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “गाना आयकू बी आला अन्‌ बाजूच्याशी बोलता बी आलं. असंच ठेवजो, बापू.”

असेच ठेवले असते तर मी आज गप्प बसलो असतो.

मग बंटी आला. बंटी कुलदीपचा लहानपणापासूनचा दोस्त, घरची धानाची शेती, ट्रॅक्टर-ट्रॉली दारात. मळणी आटोपली की ट्रॉली रिकामी असायची. तिच्यावर त्याने आठ मोठे स्पीकरचे खोके चढवले, जनरेटर बसवला आणि मला पाहून म्हणाला, “हे काय बे, खेळणं आनलं का? आवाज पाह्यजे आवाज. छाती हालली पाह्यजे लोकायची.”

उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याने पहिले काम केले ते चिकटपट्टी उपटण्याचे. म्हणाला, “बटन देल्लं आहे तं दाब ना. मेहनत कायले करतं?” दुसरे काम, चाळीस गाण्यांच्या जागी चार हजार आणून टाकली. ती कुठून आणली? एका मोबाईलवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, अशी दहा घरचे पाणी पिऊन आलेली गाणी. दर उडीला गाण्याचे बारीक आवाज झडतात. झांज झडते, घुंगरू झडतात, गळ्यातला गोडवा झडतो. असे झडलेले गाणे मोठे केले की मोठा होतो तो नुसता कचकचाट. चार हजारांतली तीन हजार नऊशे कुलदीपने कधी पुरती ऐकलीही नव्हती. जे गाणे तुम्ही स्वतः ऐकलेले नाही ते दुसऱ्याला ऐकवायला निघता, याची लाज वाटत नाही का तुम्हाला?

आणि तिसरे काम लाल दिव्याचे. बंटी म्हणे, “लाल लागला म्हंजे फुल ताकद.” अरे, लाल दिवा म्हणजे मी कळवळून सांगतो आहे की आवाज फाटतो आहे, आता आवर. भंडाऱ्याजवळच्या वरठीला रेल्वे फाटकाचा लाल दिवा दिसला की तिथल्या पोलादाच्या प्लँटवर कामाला निघालेली सगळी माणसे, सायकलवाले आणि मोटारसायकलवाले, निमूट थांबतात. माझ्या लाल दिव्यासमोर मात्र शहाणीसुरती माणसे नाचायला लागतात. दिवा तोच, अक्कल कुठे गेली?

ट्रॉली खड्ड्यांतून जाताना मी उडायचो, म्हणून माझ्याखाली तणस पसरायचे, धानाचे वाळलेले काड. त्याचा भुसा माझ्या फेडरच्या फटींत शिरला. वरून गुलाल, सरबत, कुणाच्या तरी घामाचे थेंब. फेडर सरकवला की खरखर यायची. मला पुसायला कधी कुणाला वेळ झाला नाही. पण हे दुखणे माझे होते, ते मी गिळले. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

कुलदीपला बसवले होते ट्रॉलीच्या मधोमध, खोक्यांच्या कुशीत. डाव्या हाताला हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर खोक्यांची चळत. त्या गदारोळात हेडफोनमधले गाणे ऐकू येणार कसे? येईना, म्हणून त्याने माझा छोटा नॉब दहावरून बारावर नेला. चार-पाच वराती झाल्या आणि बाराही पुरेना, मग दोनवर. पुढच्या उन्हाळ्यात तीनवर. नॉब फिरवणारी दोन बोटे मला कळत होती आणि दर महिन्याला ती थोडी जास्त फिरत होती. मी यंत्र आहे, माझा आवाज तेवढाच होता. मग दहावर जे ऐकू येत होते ते दोनवर का ऐकू येत नाही, हा साधा प्रश्न त्याने एकदाही स्वतःला विचारला नाही. खोके पुढे ठेवून स्वतः मागे बसावे, सगळाच आवाज उतरवावा, कानांत बोळे घालावेत, हे त्याला कुणी सांगितले नाही. सांगणारा बंटी होता.

आणि लोक? लोकांचे एकच, “वाढव.” नवरदेवाचा काका येऊन सांगे वाढव, वऱ्हाडी सांगत वाढव. रस्त्याच्या कडेला कानांवर हात ठेवून उभ्या असलेल्या लेकुरवाळीकडे कुणी पाहत नसे.

मग शिट्टी आली. एका दुपारी कुलदीप बंटीला म्हणाला, “ह्याच्यातून सीटी वाजून राहिली गा. बारीक, कीऽऽ असं. अर्थिंगचा लोचा दिसते.” बंटीने माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. वायर बदलली. शिट्टी जाईना. तिसऱ्या दिवशी कुलदीप घरी जेवत होता आणि मी शेजारी पिशवीत होतो. त्याने ताटावरून मान वर केली आणि वैतागून म्हणाला, “आताही वाजूनच राहिली साली.”

मित्रांनो, मी बंद होतो. माझी वायर काढलेली होती. माझ्यावर चेन ओढलेली होती. तरीही ती शिट्टी माझीच ठरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, दुकाने लागतात, नाच-गाण्याच्या लोकनाट्याची दंडार होते. त्या साली एका मंडईत पोरांनी नवा खेळ काढला. दोन डीजेच्या ट्रॉल्या समोरासमोर लावायच्या, मधल्या ओट्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा ठेवायचा, आळीपाळीने वाजवायचे आणि ज्याच्या आवाजाने जास्त पाणी सांडेल तो जिंकला. कुलदीप जिंकला. शेला आणि नारळ मिळाला. तो गडवा भैय्यालालच्याच दुकानातला होता, काशाचा, टिचकी मारून निवडलेला. ज्याचा नाद ऐकायचा, त्याला हादरे देऊन त्यातले पाणी सांडवण्यात आम्ही पराक्रम मानला. त्या दिवशी नॉब चारवर होता आणि त्यापुढे फक्त शेवट होता.

पुढच्या वर्षी पवनी तालुक्यातल्या आसगावची मंडई होती. दुपारचे ऊन, धान कापलेल्या शेताची मोकळी बांधी, समोर हजारभर माणसे. नॉब आता शेवटाला टेकलेला. कुलदीपने एक ढोलकीचे गाणे घेतले आणि सिंक दाबले. सिंक तिथेच फसते. ढोलकी वाजवणारा माणूस असतो, तो कधी तसूभर पुढे जातो, कधी मागे राहतो. तिथे कानानेच सावरावे लागते. कुलदीपने हेडफोन डाव्या कानावर दाबला, भुवया आवळल्या आणि गाणे लोकांत सोडले. दोन ठेके एकमेकांना लाथा घालायला लागले. एका जुवाचे दोन बैल दोन दिशांना ओढावेत तसे झाले. नाचणारे पाय थांबले. आणि कुलदीप खाली मान घालून डुलत होता. त्याला कळलेच नाही.

ट्रॉलीजवळ एक मुलगी आली. तिचे नाव तृप्ती, आसगावच्या धनीराम यांची लेक, गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणारी. तिने ट्रॉलीच्या फळीवर हात आपटून सांगितले, “भाऊ, दोन्ही गाने भांडून राहिले.”

कुलदीपने मान वर केली. “काय?”

“भांडून राहिले म्हटलं. ढोलकी मांगं पडली तुमची.”

कुलदीपने समोर थांबलेली माणसे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “ह्या डबड्याची डावी बाजू मेली आहे.” नाचता येईना अंगण वाकडे, आणि त्या दिवशी हजार माणसांपुढे अंगण मी होतो.

हेडफोन त्याने आधीच दोनदा बदलला होता. आता मला घेऊन तो वरठीला गेला. तिथे स्टेशनच्या रस्त्याला सुखरामचे दुरुस्तीचे दुकान आहे. सुखराम रेडिओच्या काळापासूनचा कारागीर, कमी बोलणारा. त्याने मला उघडले, ब्रशने तणसाचा भुसा काढला, तोंडाने ‘च्‌च्‌’ केले. सहा वर्षांत मला साफ करणारा तो पहिला माणूस. दोन दिवसांनी कुलदीप न्यायला आला तेव्हा हेडफोन लावून सुखरामने दोन्ही कानांनी ऐकले.

“दोन्ही बाजू वाजून राहिल्या,” तो म्हणाला.

“डावी नाही वाजत, काका. मले पुसा ना. महिनाभरापासून मरून राहिलो मी.”

सुखरामने नॉब मागे आणून दहावर ठेवला आणि हेडफोन उलटा करून त्याच्या डोक्यावर चढवला. उजवी वाटी डाव्या कानावर, डावी वाटी उजव्या कानावर. गाणे लावले.

“आता सांग. कोनती बाजू मेली आहे?”

कुलदीपने हेडफोन पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. जी वाटी त्याने मेलेली ठरवली होती ती उजव्या कानावर गात होती. डाव्या कानावर, कोणतीही वाटी घातली तरी, नुसती भुणभुण.

“मशीनले काही नाही झालं, बापू,” सुखराम म्हणाला. “कान दाखव डॉक्टरले.”

तुम्हाला वाटेल, आता तरी त्याने माझी माफी मागितली असेल. नाव नको. सुखराम म्हातारा झाला, त्याला नव्या मशीनचे काही कळत नाही, असे बंटी म्हणाला आणि कुलदीपने ते मानले. खरे ऐकण्यापेक्षा ते सोपे होते. बंटीने चार चकत्यांचे नवे यंत्र आणले आणि माझी रवानगी भैय्यालालच्या दुकानात झाली. पोत्यात, काउंटरखाली, फुटक्या भांड्यांच्या मोडीशेजारी. जी भांडी नादाला उतरत नाहीत त्यांच्यात मला टाकले.

चार महिने गेले. लग्नसराई संपली आणि कुलदीप परत दुकानात बसायला लागला. एक दिवस वरच्या बाजूला गिऱ्हाईक बाईचा आवाज ऐकू आला. आठ दिवसांपूर्वी नेलेला काशाचा गडवा तिने परत आणला होता. पाणी झिरपत होते. “तुमच्या पोरानं वाजवून देल्ला होता,” ती म्हणाली, “म्हनून म्या पाह्यला नाही.” भैय्यालालने तिला दुसरा गडवा दिला. बाई गेल्यावर त्यांनी परत आलेल्या गडव्याला टिचकी मारली. पोत्यातून मलासुद्धा कळले, नाद मध्येच बसत होता.

“हा चांगला आहे म्हून तू देल्ला?”

“मले चांगला वाटला, बाबूजी.”

भैय्यालालने एक धड गडवा घेतला, एक फुटका घेतला. आधी त्याच्या डाव्या कानाशी, मग उजव्या. एकेक टिचकी. “आता कोनता फुटका, सांग.” कुलदीप म्हणाला, हा. चुकला. पुन्हा मारली. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा भैय्यालालने टिचकी मारली नाही. त्यांनी दोन्ही गडवे काउंटरवर ठेवले, दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि भर दुपारी गल्ल्याजवळ बसून ते रडले. मी त्यांचा आवाज ऐकत होतो. कुलदीप शेजारीच उभा होता.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, असे नंतर घरात बोलणे झाले. मोठ्या आवाजाने आधी बारीक, उंच आवाज जातात, भांड्याच्या नादासारखे. मग बाकीचे. डावा कान फार गेला होता, उजवा थोडा. गेलेले परत येणार नव्हते, उरलेले सांभाळायचे होते. आणि ती शिट्टी त्याच्या कानाचीच होती. ती आता कायमची.

त्यानंतर कुलदीपने मला पोत्यातून काढले. मला मांडीवर घेऊन बसला. हेडफोनचा नॉब शेवटापासून मागे फिरवत-फिरवत दहाच्या किंचित पुढे आणला आणि बहीण रेणूच्या लाल नेलपॉलिशने तिथे एक ठिपका दिला. तो म्हणाला, “तुह्यात काहीच खराबी नव्हती ना बे.” मला माफी मागितलेली हवी होती. मिळाली तेव्हा ती नकोशी झाली.

तृप्ती शिकायला आली ती साधारण तेव्हाच. आसगावच्या बायकांच्या कार्यक्रमांना डीजे म्हणून जायचे तिच्या मनात होते. तिची पहिली चौकशी, “भाऊ, मी चार चकत्यावालं घेऊ का?”

“दोन हात आहेत ना तुले?” कुलदीप म्हणाला. “दोनच चकत्या पुरन.”

त्याने तिच्याकडून सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लावून घेतली. चार हजार गाणी पुसायला लावली आणि सांगितले की चाळीस निवडून आण, चांगल्या आवाजाची, नीट विकत घेतलेली, आणि तीच गाणी दुसऱ्या पेनड्राइव्हवरही ठेव, लॅपटॉप कधी मरेल सांगता येत नाही. प्रत्येक गाण्यापुढे लिही, हे कोणासाठी. म्हाताऱ्यांसाठी, जेवताना, नवरीच्या मैत्रिणींसाठी. सगळ्यात गाजलेले गाणे पहिल्या तासात लावशील तर चौथ्या तासाला काय लावशील? लाल दिवा लागला की चटका बसल्यासारखा हात मागे घे. हे सगळे तो चिडून-चिडून शिकवायचा. ती एकदा म्हणाली, “भाऊ, तुम्ही रागावता काहून?” त्याने उत्तर दिले नाही. ती डावीकडे बसली होती.

या वर्षीच्या आसगावच्या मंडईत तृप्तीने मला पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले. ट्रॉली नव्हती. समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल, स्टँडवर दोन मध्यम स्पीकर, लोकांकडे तोंड केलेले, आणि ती त्यांच्या मागे. गाव तिचेच, त्यामुळे ओरडायला कुणी लाजत नव्हते. “वाढव ना वं, तृप्ती. काय मुंग्यायले आयकवून राहिली का?” तिने वाढवले नाही. दोघे-तिघे नावे ठेवून निघून गेले. बाकीचे हळूहळू नाचायला लागले.

मग ढोलकीचे गाणे आले, तेच, ज्याच्यावर आमचा बाजार उठला होता. तिने हेडफोन कानाला लावला, नॉब ठिपक्यापाशी. बोटांनी टेबलावर चार-चार मोजले. चकती केसाएवढी मागे ओढली आणि फेडर वर सारला. कुलदीप तिच्या शेजारी उभा होता, नजर स्पीकरवर. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता, आणि मोजता-मोजता थांबला.

“जुळलं का?” त्याने विचारले.

“हाव, जुळलं.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. तिने हेडफोन खाली ठेवला, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि पुन्हा सांगितले, “जुळलं, भाऊ.” तेव्हा त्याने मान हलवली.

मित्रांनो, हाच माणूस पाठ करून बसलेला असताना गडव्यातली चीर ऐकत होता. म्हणून सांगतो, माझा राग गेलेला नाही. तो बंटीवर आहे, “वाढव” म्हणणाऱ्या प्रत्येक काकावर आहे, आणि सगळ्यांत जास्त कुलदीपवर आहे, कारण त्याच्यावर माझा जीव होता. तुमच्या हाती माझ्यासारखे यंत्र आले तर त्याला पुसा, तणसात ठेवू नका, वायर ओढू नका, हे सगळे मी सांगणारच होतो. पण माझे जाऊ द्या. तुम्ही ठिपक्यापाशी थांबा. माझा फेडर गेला तर सुखराम दुसरा बसवतो. नॉब तुटला तर तोही त्याच्या पत्र्याच्या डब्यात सापडतो. त्या डब्याशेजारी मी दोन दिवस उघडा पडून होतो आणि त्यात काय-काय आहे ते सगळे पाहिले. त्यात कान नाहीत.